शिंग वाजेपर्यंत

सप्टेंबरात पहिली दोन बदकं घरी आली तेव्हा प्रतापने ती बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या स्टँडशेजारी उलटी टांगली. अन्वीचे पायमोजे आणि बदकं एका ओळीत. मी आतून बाल्कनीच्या दाराचं हँडल ओढून बघितलं, मग परत ओढलं. बदकं उठून आत येणार नव्हती हे मलाही कळत होतं.

"अगं, मेलीयेत ती," प्रताप म्हणाला.

"बंदूक ठेवलीस कपाटात?"

"ठेवली."

"कुलूप?"

"नंदिनी!"

मी जाऊन बंदुकीच्या कपाटाचं हँडलही ओढून बघितलं. बेडरूममध्ये, भिंतीत बोल्ट मारून बसवलेलं लोखंडी कपाट. माझ्या साड्यांच्या शेजारी. त्याचा आकडा मला मुद्दामच सांगितलेला नाही, लायसन्स माझ्या नावावर नाही म्हणून. अन्वी सहा वर्षांची आहे आणि बापाच्या बोटांकडे बघून आकडे पाठ करण्याइतकी हुशार आहे, असं माझं मत. प्रतापच्या मते मी जास्त विचार करते.

हे सगळं हेनिंगमुळे. हॅम्बर्गच्या ऑफिसात तो प्रतापच्या शेजारी बसतो आणि राहतो एल्बे नदीच्या काठी, बांधाला लागून असलेल्या एका शेतघरात. मागे कुरणं, पाण्याचे चर आणि माणूस बुडेल एवढी लव्हाळी. आजूबाजूच्या शिकारीचे हक्क त्याच्याकडे आहेत. "ये एकदा," म्हणाला, आणि प्रताप गेला तो त्यातलाच होऊन आला. मग वर्षभर यागडशाइनचा, म्हणजे शिकारीच्या परवान्याचा अभ्यास. पक्षी, पिसं, कुत्र्यांचे आजार, कायदे. आय.टी.च्या नोकरीसाठीही याने एवढी घोकंपट्टी केली नव्हती. स्वयंपाक करता करता प्रश्न मीच विचारायचे.

"पक्षी खालून उडत येतोय. गोळी कधी झाडायची?"

"मागे आकाश असेल तरच. मागे झाडी, गवत, बांध असेल तर नाही. तिथे कोण असेल सांगता येत नाही."

अन्वीलाही ते पाठ झालं. "एर्स्ट हिमेल!" ती जेवणाच्या टेबलावर चमचा रोखून ओरडायची. आधी आकाश. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

आणि मग तिने हट्ट धरला, मलाही जायचंय पापाबरोबर. मी नाही म्हटलं. प्रताप म्हणाला, हेनिंगची मुलं याच वयात कुरणातल्या शिकारीच्या आडोशात लपून बसायची. आठवडाभर घरात दोन्ही भाषांत धुसफूस चालली. शेवटी आमचं ठरलं. "माझ्याकडून एक चूक झाली, एक, अगदी लहानशी," प्रताप म्हणाला, "तर बंदूक विकली. परत नाव काढणार नाही. पण चूक तू दाखवायचीस, नुसती काळजी नको."

त्या दिवसापासून मी वाट बघायला लागले. चुकीची.

ऑक्टोबरात साताऱ्याहून माझ्या सासूबाई, सरलाआई, आल्या. त्यांना हे शिकारप्रकरण फोनवर कळलं होतंच. फ्रिज उघडून त्यांनी पहिला प्रश्न केला, "हंस मारतोस म्हणे? सरस्वतीचं वाहन ते! शाळेत नापास होताना नाही आठवली ती?"

"आई, तो पांढरा हंस वेगळा. हा करडा. शेतातलं बी खातो, शेतकरी वैतागतात."

"मोठं बदक म्हण, मग चालेल," असं म्हणून त्यांनी त्या मोठ्या बदकाचा असा काही तांबडा रस्सा केला की हेनिंग आणि त्याची बायको आन्तिये घाम पुसत, नाकं ओढत दुसऱ्यांदा वाढून घेत होते. हेनिंगच्या दाताखाली छर्रा आला. त्याने तो ताटलीत टण्णकन टाकला आणि आईंना म्हणाला, "फ्राउ सरला, हा मसाला माझ्या बंदुकीपेक्षा खतरनाक आहे." प्रतापने भाषांतर केलं. आई म्हणाल्या, "त्याला सांग, अजून तिखट घातलंच नाहीये."

शनिवार आला की आम्ही सगळे हेनिंगकडे. प्रताप आणि अन्वी पहाटे कुरणात जायचे, मी आणि आई आन्तियेच्या स्वयंपाकघरात. खिडकीतून अंगण, अंगणाच्या टोकाला फाटक, पलीकडे धुकं. हेनिंगचा नियम एकच: फाटकाच्या पलीकडे, तो शिकार संपल्याचं शिंग वाजवेपर्यंत, कुणीही पाऊल टाकायचं नाही. कुणीही. पहिल्या दिवशी त्याने हे माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, मग आईंच्या. मी आईंना मराठीत सांगितलं. "मी कशाला मरायला जातेय चिखलात," आई म्हणाल्या.

बार वाजला की मी उठून खिडकीशी जायचे. दोन बारांच्या मधली शांतता त्याहून वाईट. परत आल्यावर मी प्रतापला न्याहाळायचे. काडतुसं काढलीत का? नळी जमिनीकडे आहे का? अन्वीच्या कानांवर ते मोठे हेडफोनसारखे कानबंद आहेत का? सगळं असायचं. हेनिंग मारलेल्या पक्ष्यांना गवतावर ओळीने मांडायचा, एकेकाच्या चोचीत हिरवी डहाळी ठेवायचा, शेवटचा घास म्हणून. अन्वी टोपी काढून गंभीर चेहऱ्याने उभी राहायची. कुणी त्या पक्ष्यांना ओलांडून जायचं नाही, हे तिने मला सांगितलं, तेही दटावून. चूक काही सापडत नव्हती. मला चैन पडत नव्हतं.

डिसेंबरातल्या त्या शनिवारी गारठा भयंकर होता. आम्ही कॉफी घेत होतो आणि आईंनी खुर्चीवरून काहीतरी उचललं.

"अगं बाई. हिची कानटोपी इथेच."

आईंनीच विणलेली, लाल, वर गोंडा असलेली.

"कानबंद आहेत तिला, आई."

"ते प्लास्टिक! त्यानं काय ऊब येते? गेल्या महिन्यात कान दुखून रडली ते विसरलीस? थंडी कानातनं शिरते पोरांच्या."

विसरले नव्हते. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत मीच तिला कडेवर घेऊन फिरले होते. आन्तिये मागे कुत्रीला, बिर्काला, धुवायला गेली होती. पायात काच गेली म्हणून बिर्का त्या दिवशी घरीच होती. बाहेर बराच वेळ बार झाला नव्हता. संपलं असेल, मी स्वतःला सांगितलं. हेनिंग शिंग वाजवायला विसरला असेल. किंवा वाजवलं असेल आणि मला ऐकू आलं नसेल. इथे राहून मी इतकी वर्षं नियम पाळलेत की रिकाम्या रस्त्यावरही हिरव्या दिव्याची वाट बघते. पण थंडी कानातनं शिरते, हे त्याहून जुनं होतं.

"आलेच," म्हणाले, आणि खुंटीवरचं जॅकेट चढवलं. प्रतापने माझ्यासाठी आणलेलं, त्याच्यासारखंच, शेवाळी रंगाचं.

फाटक उघडताना करकरलं नाही. चराच्या कडेने ट्रॅक्टरची वाट होती, तिने निघाले. धुक्यात लव्हाळीचे शेंडे तेवढे दिसत होते. वाळुंजाच्या वाकड्या झाडापाशी आले तेव्हा आडोसा दिसला, चराच्या पलीकडे, मला वाटलं होतं त्यापेक्षा फार जवळ. हाक मारणार तोच माझ्या मागून आवाज आला. हंस ओरडत येतात तेव्हा लांबून भांडणाऱ्या माणसांसारखे वाटतात. हा एकटाच होता, चुकलेला, आणि खालून येत होता. लव्हाळीला घासून, माझ्याच रेषेत.

आडोशातून नळी वर आली. मग हंसाबरोबर खाली यायला लागली. माझ्याकडे. खाली आली, आणखी खाली, आणि मला तिची दोन काळी भोकं दिसली.

मी ओरडले नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही. मी चिखलात गुडघ्यांवर बसले, कानटोपी छातीशी धरून. हंस डोक्यावरून गेला. त्याच्या पंखांचा वारा मला लागला.

बार झाला नाही.

मग दुसऱ्या आडोशातून हेनिंगचा मोठा आवाज: "प्रताप! झोपलास की काय? बायकोला पाठवू उठवायला?"

मी रांगत, मग वाकून, मग पळत परत आले. फाटक लावलं. त्यानंतर बऱ्याच वेळाने शिंग वाजलं.

"चिखल कुठनं आणलास एवढा?" आईंनी विचारलं.

"पायरीवर घसरले."

आन्तियेने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, मग फाटकाकडे, आणि टॉवेल दिला.

गवतावर पक्षी मांडताना हेनिंग प्रतापला सोडत नव्हता. "सही मागायला आला होता तो हंस तुझ्याकडे! कोठाराच्या दाराएवढा! आणि हा बघत बसला."

"मागे आकाश नव्हतं," प्रताप म्हणाला.

"आकाश! तिथे चर आणि लव्हाळी. तिथे काय कुणी सहलीला येतं?"

"पापाचं बरोबर आहे," अन्वी जर्मनमध्ये म्हणाली. मी तिच्या डोक्यावर कानटोपी चढवायला गेले, तर ती मागे सरकली. तिने ती मुद्दामच ठेवली होती खुर्चीवर. गोंडा असला की कानबंद नीट बसत नाहीत.

परतताना आई आणि अन्वी मागच्या सीटवर झोपल्या. प्रताप धुमसत होता.

"सोमवारी अख्ख्या ऑफिसला सांगेल बघ तो. आणि खरं सांगू? मी मारणारच होतो. बोट ट्रिगरवर होतं. हेनिंग म्हणतो तसं, कोण असतं तिथे? कुणीच नाही. एवढं काय ते आकाश! पुढच्या वेळी सोडणार नाही."

मी नुसती गप्प बसू शकले असते. किंवा, ही बघ चूक, बोट ट्रिगरवर गेलं होतं, असं म्हणू शकले असते. तीन महिने मी ज्याची वाट बघत होते ते त्याने स्वतःहून माझ्या हातात दिलं होतं. ठरल्याप्रमाणे बंदूक विकली गेली असती. पण मग तिथे कुणीच नसतं असं प्रताप आणि हेनिंग कायम म्हणत राहिले असते, आणि कुठल्यातरी दुसऱ्या कुरणात, दुसऱ्या कुणाच्या बंदुकीपुढे, कुणीतरी असतंच.

"मी होते तिथे," मी म्हणाले.

"कुठे?"

"वाकड्या झाडापाशी. टोपी द्यायला आले होते."

तो हसला. मग त्याने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. पुढच्या पार्किंगला गाडी आत घेतली, बंद केली आणि उतरला. कचऱ्याच्या डब्यापाशी पाठ करून उभा राहिला. मला वाटलं ओरडेल. मी तयार होते. मागे आईंची झोप चाळवली. "आलं का घर?" "नाही, आई. झोपा."

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता, नळाखाली धुतल्यासारखा. "झाडाच्या अलीकडे की पलीकडे?" त्याने एवढंच विचारलं.

"अलीकडे. तुझ्या बाजूला."

त्याने मान हलवली. मग हात पुढे करून माझा सीटबेल्ट ओढून बघितला. लागलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी त्याने हेनिंगला फोन करून सगळं सांगितलं. हेनिंगने ऐकून घेतलं. मग मला फोनवर बोलावलं, आणि आयुष्यात कुणी मला इतक्या हळू आवाजात इतकं झापलेलं नाही. आईंनी शेजारून विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, टोपी छान आहे म्हणतोय.

बंदूक विकायची का, हा विषय मीही काढला नाही आणि त्यानेही नाही. चूक माझी होती, मग ठराव कुठला लागू होतो? जानेवारीच्या मध्यात हंगाम संपतो. शेवटच्या शनिवारी प्रताप म्हणाला, "तू पण ये आडोशात. अन्वीच्या शेजारी बस. तू कुठे आहेस ते मला माहीत असलं पाहिजे."

तर मी गेले. लाकडी फळीवर आम्ही तिघं, मध्ये अन्वी, आमच्या तिघांच्याही कानांवर कानबंद. त्या दिवशी धुकं नव्हतं. कुरण कडक गोठलेलं, वर स्वच्छ फिकट आभाळ. हंस आले ते उंचावरून, मोठा थवा, पंख आखडून उतरायला लागलेले. अन्वीने माझ्या मांडीवर बोटं रोवली. तिच्या श्वासाची वाफ दिसत होती. प्रतापने बंदूक वर केली.

आणि वळून आमच्याकडे बघितलं.

मग परत वर. हंस अजून होते. हेनिंगच्या बाजूने एक बार झाला, एक हंस दुमडून पडला, बाकीचे भांडत वर चढायला लागले.

"पापा, हिमेल!" अन्वी म्हणाली, कानबंदातूनही ऐकू येईल एवढ्याने. आकाश आहे, मार ना.

मीही मनात म्हणत होते, मार. मला स्वतःचं नवल वाटलं. एवढे महिने मला हवं होतं की याने थोडी तरी काळजी करावी, माझ्याएवढी नाही, माझ्या निम्मी. ती आता त्याच्या मानेत शिरली होती, आणि ती कशी काढायची ते मला माहीत नव्हतं, कारण माझीच कधी निघालेली नाही.

मी अन्वीला घट्ट धरून ठेवलं, दिसेल असं. मी हाताने खूण केली, आहोत, इथेच आहोत, दोघीही. त्याने मान डोलावली, बंदूक खांद्याला लावली. शेवटचे तीन हंस अजून टप्प्यात होते, आणि त्यांच्या मागे फक्त आकाश.

त्याने पुन्हा वळून बघितलं.