उलटा उमटलेला ठसा

मी एक जुना ठसा आहे, आणि जन्मापासून उलटा आहे. कापडाच्या कडेला नाव उमटवायचं हे माझं काम. माझ्यावर एकच शब्द कोरला आहे: हातचं.

मित्रांनो, मला कोरलं एका म्हाताऱ्या ठसेवाल्याने. त्याने आयुष्यभर फुलं, पानं आणि वेली कोरल्या. अक्षरं मात्र त्याला वाचता येत नव्हती. त्याच्या मुलीने चांगली नोकरी सोडून बापाच्या ठशांचा धंदा मांडला. समोरच्या खोलीत टेबल टाकलं, पहिली ऑर्डर मिळवली, चाळीस टेबलक्लॉथची. मग कागदावर ठळक अक्षरांत धंद्याचं नाव लिहून बापाला दिलं आणि ती खोकी आणायला गेली.

बापाने पटाशी घेतली आणि कागदावर होतं तसंच्या तसं मला कोरलं. मग रंगात बुडवून चाळीसही कापडांवर दणादण ठोकलं. हाताचा ठसा मुठीने ठोकावा लागतो, तेव्हाच रंग कापडाच्या मागच्या बाजूपर्यंत उतरतो. प्रत्येक ठोक्याला माझा जीव जात होता. खरं सांगतो, मजाही येत होती.

मुलगी परत आली आणि दारातच किंचाळली.

"बाबा, हे काय करून ठेवलंत? सगळं उलटं उमटलंय!"

"तू दिलंस तसंच कोरलंय. एक रेघ इकडची तिकडे नाही."

"अहो, ठसा उलटा कोरायचा, तेव्हा तो सुलटा उमटतो!"

"मला शिकवतेस? फुलाला कुठे असतं गं उलटं-सुलटं?" म्हातारा बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं, हे फूल नव्हतं. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्याची मान खाली गेली.

पक्का रंग धुऊन जात नाही. मुलीने तशीच कापडं ऑर्डर देणाऱ्या दुकानवालीसमोर टाकली.

"ही कुठली भाषा म्हणायची बाई?"

"आरशात धरून वाचा," मुलगी फणकाऱ्याने म्हणाली.

दुकानवालीने खरंच आरसा आणला, आणि हसत सुटली. लोक आरसे धरून कापडं घेऊ लागले. वर्षभरात आमची नक्कल बाजारात आली, यंत्रावर छापलेली. तिच्यावर 'हातचं' अगदी सुलट होतं. चोराने चोरी केली ती चूक सुधारून! तेव्हापासून उलटं नाव म्हणजे अस्सल माल, असं लोक ओळखू लागले. एका टेबलाची आठ टेबलं झाली. काम संपलं की मला तेल लावून मखमलीत ठेवू लागले. मला तिथे चैन पडेना. लाकडाला ठोके हवेत, मखमल नको.

मग मोठी ऑर्डर आली. हात पुरेनात. एका सकाळी यंत्रावर छापलेल्या कापडाचे गठ्ठे आत आले आणि मुलीने मला मखमलीतून उचललं.

"नुसतं नाव हाताने मारायचं. कोण बघतंय?"

मित्रांनो, मी उलटा होतो, पण खोटा कधीच नव्हतो. मला टेबलावर ठेवून ती रंगाचं भांडं आणायला वळली तेवढ्यात म्हाताऱ्याने गठ्ठ्यातलं वरचं कापड उलटून पाहिलं. मागची बाजू पांढरीफटक! रंग उतरलाच नव्हता. त्याने मला उचललं, स्टुलावर ठेवलं आणि वर स्वतः बसला.

"बाबा, ठसा कुठंय? टेम्पो दारात उभा आहे!"

"माझ्याखाली. उठव मला, हिंमत असेल तर."

"हट्ट काय करताय? ऑर्डर जाईल ना!"

"धंद्याला नाव काय दिलंस? हातचं. आणि हातचं सोडून पळत्याच्या मागे तूच लागलीस. मी चुकलो होतो गं. तू चुकत नाहीयेस, तू फसवते आहेस."

टेम्पोवाला हॉर्न बडवत होता. मग तिने ते कापड हातात घेऊन उलटं केलं, पांढऱ्या बाजूवरून बोटं फिरवली आणि बाहेर जाऊन म्हणाली, "हाताने ठोकलेला अर्धाच माल तयार आहे. तेवढाच घेऊन जा. बाकीच्याचं काय ते मी बोलते त्यांच्याशी."

त्या ऑर्डरचा अर्धाच माल गेला. गठ्ठे अजून कोपऱ्यात पडून आहेत, आणि त्यांच्याकडे बघून माझा जीव खालीवर होतो. उद्या दुसरा टेम्पो येईल. म्हातारा काही जन्मभर स्टुलावर बसून राहणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. नाव बघून भुलू नका, माझंसुद्धा नाही. कापड घ्याल तेव्हा आधी ते उलटून बघा.