अकरा कागदांवरची दुरुस्ती

मुलीनं अकरावीला पेंटिंग हा विषय घेतला तेव्हा घरात सगळ्यात जास्त आरडाओरडा मी केला होता, हे आधीच कबूल करतो. छत्तीस वर्षं मी जबलपूरच्या एका फॅक्टरीत ड्राफ्ट्समन होतो. पेन्सिलीवरच पोट भरलं, घर बांधलं, आणि पोरीच्या हातात पेन्सिल बघून मीच बिथरलो. प्रणोतीला दहावीला गणितात पंच्याण्णव होते.

"गणित सोडून चित्रं काहून काढून राहिली तू?" मी विचारलं.

उत्तर दिलं शैलजानं, माझ्या बायकोनं. "तुम्ही जन्मभर दुसरं काय केलं जी? चलो, जेवून घ्या." झालं, विषय संपला. आमच्या घरी शैलजा बोलली की विषय संपायचा.

माझा विरोध चित्रकलेला नव्हता, प्रणोतीच्या रेघांना होता. तिच्या कागदावर एका कडेला चार-चार, पाच-पाच रेघा असायच्या. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात एका कडेला एकच रेघ. दोन दिसल्या तर खालच्या वर्कशॉपमधला लेथवाला कागद घेऊन वर यायचा आणि सगळ्यांसमोर विचारायचा, "साहब, काटूँ कहाँ से?" त्या प्रश्नाची मला शेवटपर्यंत धास्ती होती. त्यामुळे कच्च्या रेघा मला सहनच होत नाहीत. कुठं दिसल्या की बोटं शिवशिवतात.

शैलजाला सहा वर्षांपासून कंपवात होता. आधी उजवा हात, मग दोन्ही. वाटाणे सोलायला बसली की निम्मे ताटाबाहेर जायचे. ती हसायची, मी चिडायचो. चिडायचो म्हणजे काय, तिच्या हातातला ग्लास काढून घ्यायचो. "सोड, सांडशील." दिवसातून दहा वेळा हे वाक्य माझ्या तोंडून जायचं. कुणी पाहुणा फोटो काढायला लागला की ती दोन्ही हात पदराखाली घ्यायची आणि मग ऐटीत कॅमेऱ्याकडं बघायची.

बारावी सुरू झाली त्या उन्हाळ्यात प्रणोती तिच्यासमोर कागद घेऊन बसायला लागली. फक्त हात काढायची. वाटाणे सोलतानाचे, कंगवा धरलेले, मांडीवर नुसते पडलेले.

"हलणाऱ्या माणसाचं काय चित्र काढते गं? स्टुलाचं काढ, ते तरी गप बसते," शैलजा म्हणायची.

"तू बस ना आई," प्रणोती म्हणायची, आणि दोघी तास-तास तशाच बसायच्या. मी त्या खोलीत थांबत नसे. ऑगस्टपर्यंत हे चाललं. सप्टेंबरात शैलजाला न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ती गेली.

बारावीच्या पेंटिंगची प्रॅक्टिकल जानेवारीअखेर होती. एक मोठं चित्र तिथंच बसून काढायचं, आणि त्याबरोबर वर्षभराच्या कामाची फाइल द्यायची. तपासायला बाहेरगावचा परीक्षक येणार होता. प्रणोतीला पुढं कला महाविद्यालयात जायचं होतं आणि तिच्या विनता मॅडमनी तिला सांगितलं होतं की तिची फाइल वर्गात सगळ्यात चांगली आहे. या सगळ्यातलं "बाहेरगावचा परीक्षक" एवढंच माझ्या डोक्यात बसलं. आमच्याकडं बाहेरून इन्स्पेक्शन आलं की आदल्या दिवशी सगळी ड्रॉइंगं साफ करायची पद्धत होती. कच्च्या रेघा, बोटांचे डाग, काही म्हणजे काही ठेवायचं नाही.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी ती सरावाला शाळेत गेली होती. फाइल टेबलावर होती. मी उघडली. शैलजाच्या हातांचे अकरा कागद होते आणि प्रत्येकावर रेघांचं नुसतं जाळं. एका करंगळीला मी सात कडा मोजल्या. इतकी चांगली पोर आणि हा गचाळपणा, असं वाटून मी कपाटातून माझा जुना खोडरबर काढला, भोकांची पत्र्याची पट्टी काढली आणि जेवून लगेच बसलो.

काम मी चोख केलं, हेही सांगतो. सातांतली बरोबर कड कोणती, ते बोटांच्या लांबी-जाडीवरून ठरवायचं, तेवढी पट्टीखाली झाकायची आणि बाकीच्या भोकांतून हळूहळू उडवायच्या. कागदाला चरा पडू दिला नाही. एक वाजता बसलो तो साडेचारला उठलो. तिसऱ्या-चौथ्या कागदापासून मला फार बरं वाटायला लागलं होतं. शेवटच्या कागदावर शैलजानं स्टीलचा ग्लास धरला होता. मी खोडत गेलो आणि ग्लास स्थिर झाला, बोटं नीट वळली, पाणी कुठं सांडेल असं राहिलं नाही. मी बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसलो. परीक्षक, मार्क, फाइल, यातलं तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं.

प्रणोती आली तेव्हा मी चहा टाकला होता. "फाइल पाहून घे," मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं. माझ्या आवाजात बक्षिसाची वाट बघणाऱ्या माणसाचा तोरा होता. आज आठवलं की लाज वाटते.

तिनं एकेक कागद उलटला. मग पालथे करून बघितले, मग परत सुलटे.

"बाबा, ह्या चुका नव्हत्या."

"मग काय होतं ते?"

"आईचा हात होता. मी एक रेघ काढेपर्यंत हात सरकायचा, मग तिथं दुसरी काढायची. ती जेवढी हलली तेवढ्या रेघा आहेत त्याच्यात." ती थांबली. "होत्या."

मला कळलं. लगेच कळलं. तरी तोंडातून निघालं ते असं, "मग आधी सांगता नाही येत तुले? मला काय स्वप्न पडणार होतं?" चुकलेला माणूस आधी ओरडतो, आणि मी तर ओरडण्यात पटाईत.

ती ओरडली नाही. तिनं विचारलं, "खोडलेलं कुठं टाकलं?"

मी कचऱ्याच्या डब्याकडं बोट दाखवलं. ती तिथं गेली, झाकण उघडून बघत उभी राहिली. आत चहाची पत्ती होती आणि तिच्यावर रबराचा काळा भुसा. तिनं झाकण लावलं आणि आपल्या खोलीत गेली. त्या रात्री आणि रविवारी दिवसभर ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

रविवारी मी मोबाइल, जुने अल्बम, नातलगांच्या लग्नांच्या सीडी, सगळं पालथं घातलं. शैलजा सगळीकडं होती. जुन्या फोटोंतले हात स्थिर होते, आजारानंतरचे सगळे पदराखाली. माझ्या बायकोचा हात कसा हलायचा, याचा पुरावा जगात अकरा कागदांवर होता आणि तो मी साडेतीन तास बसून, अगदी मन लावून, पुसला होता.

सोमवारी मी फाइल घेऊन शाळेत गेलो. विनता मॅडमनी एक कागद खिडकीशी तिरका धरला. पेन्सिल मऊ होती आणि प्रणोतीचा हात हलका. कागदावर खूण राहिली नव्हती.

"मैं फिर से बना दूँगा, मैडम," मी म्हणालो. "कुछ भी हूबहू उतार सकता हूँ."

"किसे देखकर उतारेंगे, मोहोड जी?" त्या म्हणाल्या. आवाजात कठोरपणा नव्हता. मग त्यांनी खरी अडचण सांगितली. इतके कोरीव, एकरेघी हात बघून परीक्षकाला वाटणार, की फोटोवर कागद ठेवून छापलेत. फाइल अशीच दिली तर पोर लबाड ठरेल आणि कागद काढून टाकले तर फाइलमध्ये काही उरणार नाही.

"तो क्या करूँ?"

"जो हुआ है वो लिखकर लगा दीजिए. आगे बच्ची की क़िस्मत."

मदन महलला, घरापर्यंत, स्कूटर मी कशी आणली ते ठाऊक नाही. पण वाटेत एक गोष्ट सुचली. ड्रॉइंग ऑफिसात पक्क्या ड्रॉइंगमध्ये केसाएवढा बदल केला तरी कोपऱ्यात एक छोटा तक्ता भरावा लागतो. काय बदललं, कोणत्या तारखेला, कुणी, आणि कारण. तो तक्ता न भरता कागदाला हात लावणं आमच्याकडं चोरीच्या बरोबरीचं होतं. एका ज्युनिअरला मी त्यासाठी सगळ्यांदेखत झापलं होतं, पोरगा रडकुंडीला आला होता.

मी प्रणोतीच्या दाराशी उभा राहिलो. चित्रं तिची. न विचारता एकदा हात लावला होता, तेवढं पुरे होतं.

"कोपऱ्यात दुरुस्तीचा तक्ता काढू का?" मी विचारलं. "काय केलं ते लिहितो. सही करतो."

तिनं माझ्या हातातल्या फाइलकडं पाहिलं. मग म्हणाली, "काढा."

अकरा कागदांवर अकरा तक्ते आखले. बदल: हाताच्या कडेच्या सर्व रेघा खोडल्या, एक ठेवली. तारीख घातली. नाव: चंद्रशेखर मोहोड, चित्रकर्तीचे वडील. एवढं झरझर झालं. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"नजरचूक" लिहिणार होतो. फॅक्टरीत लोक तेच लिहायचे आणि मी त्यांना पकडायचो. नजर चुकली नव्हती. "कागद स्वच्छ करण्यासाठी" हे त्याहून मोठं खोटं होतं, कारण ग्लासाच्या कागदावर माझ्या छातीतलं ओझं कसं उतरलं होतं ते मला आठवत होतं. तासभर बसलो. प्रणोती दोनदा पाणी प्यायच्या निमित्तानं येऊन गेली. शेवटी मी पहिल्या कागदावर लिहिलं: "तिचा हात हलताना मला बघवत नव्हता."

पुढच्या दहा कागदांवर "वरीलप्रमाणे" लिहिता आलं असतं, पद्धतच तशी आहे. मी लिहिलं नाही. तेच वाक्य दहा वेळा पूर्ण लिहिलं. मग कागद तिच्या टेबलावर ठेवले आणि बाहेर येऊन बसलो. तिनं वाचले की नाही, कळलं नाही. सकाळी फाइल बांधलेली होती.

गुरुवारी परीक्षा. मी दहापासून शाळेच्या फाटकाबाहेर उभा होतो. पोरी फाइली देऊन मोकळ्या हातानं बाहेर येत होत्या, समोसे खात होत्या, हसत होत्या. प्रणोती सव्वा वाजता आली, जवळजवळ शेवटी. मी स्कूटर सुरू केली नाही.

"काय विचारलं त्यांनी?"

"कोपऱ्यातलं वाचायला लावलं. मराठी आहे म्हटलं, तर म्हणाले, हिंदीत सांग."

"सांगितलंस?"

"सांगितलं. अकराही कागदांवर तेच आहे का, विचारलं. हो म्हटलं. मग एकेक कागद पाहत बसले."

"छापलेत असं नाही ना म्हणाले?"

"नाही." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मला म्हणाले, पिताजी से देखा नहीं गया, तो तुमसे कैसे देखा गया बेटा?"

"मग?"

"मी म्हटलं, मलाही बघवत नव्हतं, सर. पेन्सिल हातात असली की तेवढं पाहता यायचं."

हे ती माझ्याकडं न बघता बोलली. तिला वाटलं असावं, की मला फार लागू नये. सहा वर्षं मी तिच्या आईच्या हातातून ग्लास काढून घेत होतो, आणि ही सोळा-सतरा वर्षांची पोर समोर बसून तो हात सोसायला शिकत होती. मला वाटत होतं ती मार्कांसाठी बसते.

मी तिथंच, फाटकापाशी, समोसेवाल्याच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या देखत रडलो. शैलजा गेल्यापासून पहिल्यांदा. तोंड लपवायला जागा नव्हती आणि लपवावंसंही वाटलं नाही. प्रणोती जागची हलली नाही. दुसरीकडं बघितलं नाही, गप्प करायलाही आली नाही. माझं रडणं संपेपर्यंत ती माझ्या तोंडाकडं बघत समोर उभी राहिली.