तांबडा की पांढरा

चिमणाबाईंच्या खानावळीत दुपारी एवढा गलका, की गिऱ्हाइकानं काय मागितलं ते आत चुलीपाशी ऐकू जाईना. त्यावर दस्तगीरनं तोड काढली. मोडक्या रेडिओतली बटणांची पट्टी त्यानं भिंतीवर बसवली आणि चुलीपाशी चार दिवे टांगले. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी आणि चपाती. बाहेर बटण दाबलं की आत दिवा. हे नीट चाललं, तर खानावळीची रस्त्याकडची खोली त्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाला मिळणार होती. आजवर तो बिचारा घराच्या ओट्यावर कोंबड्या हाकलत रेडिओ उघडून बसायचा.

पहिलं गिऱ्हाईक उचगावचे हंबीरराव. वाढपी गुंडूनं ऐटीत तांबडा दाबला, मग पांढरा, मग भाकरी. आतून आली नुसती कोरडी भाकरी.

"मला उपास हाय व्हय रं?" हंबीरराव कडाडले.

गुंडूनं उलट्या क्रमानं बटणं दाबली. या खेपेला नुसता तांबडा. एक बटण आत गेलं की आधीचं टुणकन बाहेर! अख्खी खानावळ हसायला लागली. दस्तगीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोली गेलीच म्हणायची.

"मावशी, रेडिओत असंच असतंय," तो आत चुलीपाशी जाऊन चिमणाबाईंना चाचरत म्हणाला. "येका टायमाला येकच."

"आरं, दोन स्टेशनं येकदम कोण ऐकतंय? पर कोल्हापुरात येकच रस्सा खाणारा बघितलायस का कुठं?"

दस्तगीरनं कपाळावर हात मारला. जन्मभर दोन्ही वाट्या रिचवल्या आणि नेमकी पट्टी बसवतानाच अक्कल चरायला गेली! धावत जाऊन त्यानं घरातल्या दिव्यांची असतात तशी साधी दोन बटणं आणली आणि दोन्ही रश्श्यांना वेगवेगळी जोडली. पट्टीवर राहिली फक्त भाकरी आणि चपाती.

आता तीन दिवे लागले. तेवढ्यात हंबीरराव म्हणाले, "भाकरी ऱ्हाऊ दे, चपाती आण." गुंडूनं चपाती दाबली, भाकरीचा दिवा आपसूक विझला. रस्से जागच्या जागी.

"ब्येस!" हंबीरराव वाटी तोंडाला लावत म्हणाले.

गर्दी ओसरल्यावर चिमणाबाई बाहेर आल्या. एका हातात भरलेलं ताट, दुसऱ्यात खोलीची किल्ली. "आधी काय देऊ रं तुला?"

दस्तगीर पोटभर हसला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले. "मावशी, हितं बी दोन्ही दिवं लागू द्या की!"