गरम गूळ आणि बाहेरची कडी

मुलांनो, वाचता वाचता माझ्याबरोबर जरा चला. पलूसच्या बाजूला, एका गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर आपण उभे आहोत, असं समजा. मोठ्या काहिलीत उसाचा रस रटरटतोय, वाफेनं छप्पर भरलंय आणि कुणीतरी तुमच्या हातावर पानाच्या तुकड्यात गरम गूळ ठेवलाय. इकडची रीतच आहे ती. ओळखीचा असो की परका, गुऱ्हाळावर आलेल्याला गूळ खाल्ल्याशिवाय जाऊ देत नाहीत. गोड लागतोय ना?

आता काहिलीच्या खाली बघा. तिथं चुलवाण आहे, रस आटवायची भट्टी. तिच्या तोंडाशी तुमच्याच वयाची एक मुलगी वाळकी चिपाडं आगीत सारते आहे. झळांनी तिच्या भुवया जळून गेल्यात. तिला कुणी गूळ दिलेला नाही.

तिचं नाव पूजा. ती आणि तिची आई दूरच्या मुलखातून कामाला आल्या होत्या. गुऱ्हाळाचे मालक आप्पासो. गावच्या शाळेला पंखे दिले म्हणून त्यांचा सत्कार झाला होता, आणि शाळेत जायच्या वयाची पोर त्यांच्या भट्टीपुढं बसत होती. दोघींची आधार कार्डं आणि फोन आप्पासोंच्या कपाटात होते. काम संपलं की दोघी पत्र्याच्या खोलीत जायच्या आणि बाहेरून कडी लागायची, वर कुलूप. हे कुलूप अख्ख्या गावाला दिसत होतं. गूळ चाखत चाखत लोक त्याच्यासमोरून जात होते. बाहेरची माणसं हायत, मालकाला काळजी घ्यावीच लागती, असं म्हणत होते.

सहावीतली क्रांती सुट्टीच्या दिवशी वडिलांचा डबा घेऊन तिथं यायची. तिच्या वडिलांचा, ज्योतिबांचा, ऊस तिथं गाळायला लागला होता. अर्धा झाला होता, अर्धा अजून शेतात उभा होता. क्रांती आपल्या वाटचा गूळ पूजाला द्यायची आणि पूजा तो पटकन तोंडात टाकून पुन्हा चिपाडांना हात घालायची. ती मराठी शिकली होती, तोडकीमोडकी.

एक दिवस पूजानं विचारलं, “स्टँड किधर है? कुठं आहे?”

क्रांतीनं सांगितलं, पलूसला, लांब नाही. मग विचारलं, तुम्ही जात का नाही?

“गेलो होतो,” पूजा म्हणाली. “रस्त्यावर ट्रॅक्टरवाला भेटला. आई बोली, स्टँडला सोडा. त्यानं इथंच आणून सोडलं.”

तो ट्रॅक्टरवाला कोण, ते क्रांतीला कळलं. दिवाळीनंतर पप्पांनीच घरी कौतुकानं सांगितलं होतं. परमुलखातली एक बाई पोरीला घेऊन वाट चुकली होती, आपण तिला ट्रॅक्टरवर बसवून आप्पासोंकडं नीट पोचती केली.

संध्याकाळी तिनं वडिलांना सगळं सांगितलं.

“वाट चुकली होती गं ती,” ज्योतिबा म्हणाले.

“न्हाई पप्पा. ती घरला चालली होती. तुमी परत आणून कोंडली.”

ज्योतिबा तसा माणूस वाईट नव्हता. पण आपल्याकडं एक खोड आहे, मुलांनो, आणि तिची मला चीड येते. वाईट गोष्ट दिसली, की आपण आधी ती करणाऱ्यालाच जाऊन भेटतो. गावातलं गावात मिटवू म्हणतो. कोंडलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, कारण ते गावचं नसतं.

दुसऱ्या दिवशी ज्योतिबा आप्पासोंना भेटून आले. हातात काकवीची बरणी होती.

“मिटलं,” ते म्हणाले. “आप्पासो म्हणालं, तुमच्या पोरीचं मन दुखत आसंल तर त्या दोघींना उद्या सकाळी दुसऱ्या गुऱ्हाळावर धाडतो. लांब हाय, पार घाटाच्या तिकडं. तुझ्यासाठी काकवी दिलीया.”

क्रांती बरणीकडं बघत राहिली. पूजा उद्या जाणार. तिथं कुलूप असणार, आणि तिथं क्रांती नसणार.

“म्हंजे मिटलं कसं?” ती म्हणाली. “आपल्याला दिसणार न्हाई, एवढंच.”

“आपला ऊस अजून उभा हाय, पोरी. त्यांनी गाळला न्हाई तर काय करू?”

क्रांतीची आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं पिठाचे हात पुसले, फोन उचलला आणि लेकीच्या हातात दिला. नवऱ्याला म्हणाली, “ऊस वाळला तर वाळू दे. पोर हाय ती बी.”

शाळेच्या भिंतीवर, आप्पासोंच्या पंख्याखालीच, एक नंबर लिहिला होता. १०९८. अडचणीतल्या मुलांसाठी, फुकट. क्रांतीनं तो आठवून लावला. पलीकडच्या बाई शांत होत्या. क्रांतीनं पूजाचं नाव सांगितलं, तिचं वय, कुलूप, कपाटातलं आधार कार्ड, उद्या सकाळचं सगळं. बाई म्हणाल्या, पोलिसांना घेऊन आजच माणसं येतील, तू मात्र एकटी गुऱ्हाळाकडं जाऊ नकोस, मालकाला काही बोलू नकोस.

बोलणं ऐकत ज्योतिबा दारात उभे होते. ते आप्पासोंना फोन करतील, अशी भीती क्रांतीला वाटली. त्यांनी खिशातून फोन काढला, बंद केला आणि कोनाड्यात ठेवला.

गुऱ्हाळाचा रस्ता डांबरी सडकेवरून उसात वळतो. नवख्या माणसाला तो दिसत नाही. क्रांतीनं काकवीची बरणी, झाकण न उघडता, आप्पासोंना परत द्यायला पिशवीत घातली आणि आईचा हात धरून त्या वळणावर जाऊन उभी राहिली. मागून पप्पांच्या चपलांचा आवाज येत होता. तिनं वळून पाहिलं नाही. सडकेवर पोलिसांची जीप दिसली तशी ती पुढं झाली आणि उसाकडं हात करून म्हणाली, “हिकडं. पत्र्याची खोली. कुलूप बाहेरून हाय.”