फक्त पहिलं पान बदललं

टक्.

दुपारी घर निजलेलं असतं तेव्हा माझं बटण दाबल्याचा एवढाच आवाज होतो. मग मी घसा खाकरतो आणि बाई दचकून आतल्या खोलीकडे बघते. लेक उठली तर नाही ना? म्हणून तर तिनं माझ्याखाली जुन्या टॉवेलची चौघडी घातली आहे.

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. इस्त्रीच्या टेबलावर, घडी व्हायच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी माझा मुक्काम असतो. माझं झाकण एका बाजूनं मोडलं आहे आणि मधूनच मी कागद चावतो. कारखान्यात माझ्यासारखे कितीतरी भाऊ एका पट्ट्यावरून सरकत होते, सगळे हुबेहूब. कुणी कुणाची नक्कल केली, हा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही. बाई मला आणायला आली तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. तिच्या मांडीवर जागाच नव्हती, म्हणून तिच्या नवऱ्यानं मला छातीशी धरून घरी आणलं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. टिकलीच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, जन्मदाखल्याच्या प्रती मी काढल्या. तिला रंगवायला हत्ती दिले. शेजारची मुलं शाळेचे प्रकल्प घेऊन यायची. मोबाइलवरून जसंच्या तसं उतरवलेलं पान, आणि खाली कुणा परक्याचं नाव. ते नाव कापून टाकायला कात्रीही आमच्याकडेच मागायची. मुलांना शाबासकी मिळायची आणि त्यांच्या आया बाईला म्हणायच्या, झकास आहे हो तुमचा प्रिंटर.

बाई कॉलेजात शिकवते. कायमची नाही, तासांवर. एकदा तिच्या विभागप्रमुख सरांनी तिला एक नको असलेलं काम दिलं. मुलांना उचलेगिरीबद्दल सांगायचं, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून खपवू नये, हे शिकवायचं. बाकीच्यांनी आधीच अंग काढून घेतलं होतं. बाईनं मात्र भाषण ठोकलं नाही. तिनं मुलांना एकेक चिठ्ठी दिली आणि नाव न घालता मनातलं लिहायला सांगितलं.

टिकली झोपली की ती त्या चिठ्ठ्या घेऊन माझ्याशेजारी बसायची, एकटीच हसायची. कुणी लिहिलं होतं, आम्हाला शिक्षा काय होते तेवढंच सांगतात, संदर्भ कसा द्यायचा ते शिकवत नाहीत. कुणी लिहिलं होतं, सरांच्या नोट्स कुठून येतात ते आधी विचारा. एक चिठ्ठी तिनं नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली.

"मॅडम, जुन्या गाण्याची चाल घेतली तर रीमिक्स. दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवले तर रील. कुणाचाही विनोद ढकलला तर फॉरवर्ड. सगळ्याला लाइक्स मिळतात. मग एकट्या निबंधानंच काय घोडं मारलंय?"

नवरा म्हणाला, हे पोर वकील होणार. बाई म्हणाली, पण त्याला उत्तर द्यायला हवं.

ते उत्तर म्हणजे तिची पुस्तिका. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये, टिकलीच्या पाठीवर थोपटता थोपटता लिहिलेली. रील करणाऱ्या मुलांवर ती कुठेही डाफरली नव्हती. ज्याचं आहे त्याचं नाव घ्या आणि मग खुशाल वापरा, एवढंच तिनं त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं. पहिली प्रत माझ्यातून निघाली तेव्हा ती गरम पानं तिनं क्षणभर गालाला लावली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान तोच.

त्या कॉलेजात एक रीत आहे. कुणीही काहीही लिहिलं तरी ते वर जातं ते सरांमार्फत. म्हणून तिनं पुस्तिका फाइलसकट सरांकडे दिली. "ठेवा, नजर टाकतो," सर म्हणाले, आणि पुस्तिका ठेवून घेतली.

मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी त्यांचं मोठं व्याख्यान होतं आणि कॉलेजचं मशीन बंद पडलं होतं. तुमच्या घरी प्रिंटर आहे ना मॅडम, फाइल पाठवतो, तेवढ्या प्रती काढून आणा.

पहिलं पान निघालं. त्यावर सरांचं नाव. दुसरं पान तिचं. तिसरं तिचं. त्या चिठ्ठीतलं घोड्याचं वाक्यसुद्धा जागच्या जागी. मी कागद चावला. एरवी ती मला चापट मारते. त्या दिवशी तिनं चुरगळलेलं पान हळूच ओढून काढलं आणि पुन्हा बटण दाबलं.

"छापू नकोस," नवरा म्हणाला. "आयत्या बिळावर नागोबा नुसता."

"कायमच्या जागेच्या मुलाखती तोंडावर आल्यात. आणि समितीवर नागोबाच आहे."

तिनं सगळ्या प्रती काढल्या. व्याख्यानाला खूप टाळ्या पडल्या म्हणे.

मुलाखतीच्या अर्जाला आपलं लिखाण जोडायचं असतं. तिनं आपलंच जोडलं. पण कॉलेजात तपासणी करणारं एक यंत्र आहे. आधी जमा झालेलं ते अस्सल आणि नंतर आलेलं ते चोरीचं, एवढंच त्या माझ्या जातभाईला कळतं. सरांची पुस्तिका आधी जमा झाली होती. बाईच्या लिखाणाचा अहवाल मीच छापला. ओळीन् ओळ लाल. माझी लाल शाई तिथेच संपली, शेवटची पानं फिकट गुलाबी निघाली.

सरांचा फोन आला तेव्हा ती टिकलीचे फ्रॉक घडी करत होती. फोन स्पीकरवर ठेवला होता.

"मी समजू शकतो, मॅडम. घरात लहान मूल, घाईत होतं असं. अनवधानानं घेतलं, एवढं लिहून द्या. बाकी मी सांभाळून घेईन."

नवरा संतापला. तक्रार कर म्हणाला, तारखा दाखव. ती फ्रॉकची तीच घडी मोडत आणि घालत राहिली. मग म्हणाली, "तक्रारसुद्धा सरांमार्फतच जाते रे."

मित्रांनो, मी यंत्र आहे. नाव असलेलं पान आणि नाव कापलेलं पान मला सारखंच. तुमचं तसं नाही. कुणाचं गाणं, कुणाचा विनोद, कुणाचा निबंध पुढे ढकलताना त्याखालचं नाव राहू द्या. आणि नाव नसेल, तर कुणाचं आहे ते निदान विचारा. कुणीतरी आपलं लेकरू निजवून ते लिहिलेलं असतं.

आज दुपारी बाईनं माझ्यातून एकच कागद काढला. टेबलावर ठेवून ती सहीसाठी पेन शोधत होती, तेवढ्यात टिकली डोळे चोळत आली. ती नुकतीच अक्षरं जुळवायला शिकली आहे, दिसेल ते वाचते. खुर्चीवर चढून तिनं ओळीवर बोट ठेवलं.

"मी... दु-स-ऱ्या-चं... ले-ख-न... घे-त-लं."

आईनं कागदावर हात ठेवला. टिकलीनं तिच्याकडे मान वर करून पाहिलं.

"कुणाचं घेतलंस गं आई? परत देऊन येऊया का?"