पिवळ्या पट्ट्या

“आज परत, की मुक्काम?” बेटाच्या धक्क्यावरच्या माणसानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघताच ठकीच्या इवल्याशा मनगटाला पिवळी पट्टी गुंडाळायला घेतली.

“आज परत,” ठकीची आई म्हणाली.

“मुक्काम,” तिचा नवरा म्हणाला.

दोघांचे शब्द एकमेकांवर आदळले. त्या माणसाचा हात अर्ध्यावरच थांबला. मागं रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

“अहो, घरून ठरवून यायचं ना,” तो म्हणाला. मग ठकीची पट्टी बंद करून त्यानं त्या दोघांनाही एकेक चढवली. “ही असू द्या. पट्टी म्हणजे आज परत जाणारा माणूस. संध्याकाळी चढताना माझ्या हातात द्यायची. एक जरी कमी भरली तरी मी बोट सोडत नाही. राहायचं ठरलं तर त्याआधी आणून द्या, नाहीतर अख्खी बोट तुमच्या नावानं बोटं मोडत बसेल.”

घरून ठरवलं नव्हतं असं नाही. गेले कित्येक दिवस जेवताना दुसरा विषय नव्हता. नवरा चार रात्रींवर अडून बसला होता, मग भाजीच्या भावासारखा तीनवर आला, दोनवर आला, शेवटी “बरं, एक तरी” म्हणाला. तिचं एकच म्हणणं, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. “ताटलीएवढं बेट. दिवसभरात बघून होईल.” अखेर त्यानं तोडगा काढला. खोली सांगून ठेवू, बॅग घेऊन जाऊ, आणि शेवटच्या बोटीआधी तू म्हणशील तसं. तोडगा तिच्या बाजूचा दिसत होता, पण त्यातली मेख तिला कळत होती. राहिलो आणि काही झालं तर ती जबाबदार, परत आलो आणि सगळ्यांचा विरस झाला तरी तीच.

मागच्या वर्षी एका रात्री ठकीचा ताप बघता बघता चढला होता. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. दवाखाना कोपऱ्यावर होता म्हणून नवरा तिला छातीशी धरून अनवाणी पळत सुटला आणि वेळेत पोचला. “या वयात होतं असं कधीकधी. मोठी झाली की थांबतं. काळजी करू नका,” असं डॉक्टर म्हणाले. दिवसातून दहा वेळा म्हणत असतील. तेव्हापासून ती रात्री उठायची, ठकीच्या नाकाखाली बोट धरायची, ऊबदार श्वास बोटाला लागला की पुन्हा आडवी व्हायची. नवऱ्याला सुगावा लागल्यावर त्यानं तिचं नाव फौजदार ठेवलं. “निघाली का फौजदारांची गस्त?” एवढं पुटपुटून तो कूस बदलायचा आणि घोरायला लागायचा. त्याच्या त्या घोरण्याचा तिला मनापासून राग यायचा.

बेट खरोखरच ताटलीएवढं होतं. एक रस्ता, टोकाला पांढरा दीपस्तंभ, सायकली भाड्यानं देणारं एक दुकान. खोलीवाल्या मावशींनी दार उघडून दिलं. दोन खाटा, धुतलेल्या चादरींचा वास, खिडकीखाली बाक. तिनं बॅग ठेवली पण उघडली नाही. तापाचं औषध, तापमापक आणि पाण्याच्या घड्यांसाठीचा मऊ पंचा खांद्यावरच्या पिशवीत होता, आणि ती पिशवी तिनं पाण्यात पाय बुडवतानाही खाली ठेवली नाही.

ठकी मात्र सुटलेल्या वासरासारखी उधळली होती. लाट आली की किंचाळायची, गेली की तिला “ये ना गं” म्हणून बोलवायची. दुपारी तिचं कपाळ कढत लागलं. उन्हानं असेल. नसेलही. तिनं तापमापक काढला.

“काय म्हणतोय?” नवऱ्यानं विचारलं.

“नॉर्मल.”

“मग तिच्या बापाचंही बघून घे. सकाळपासून उपाशी आहे, त्याला चक्कर येतेय.”

तिला हसू आलं, ते तिनं दाबलं. जेवणं झाल्यावर तो उठला. “सायकली बघून येतो.” बराच वेळ गेला. आला तो हात हलवत. “सगळ्या पंक्चर,” एवढंच म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

खोलीवर येताच ठकी पेंगुळली. नवरा तिच्याशेजारी आडवा झाला, आणि ती हळूच बाहेर पडली. मावशी अंगणात दोरीवरच्या चादरी काढत होत्या. तिनं एका चादरीची दोन टोकं धरली आणि घडी घालता घालता विचारलं, सहज विचारावं तसं, “मावशी, इथं रात्री कुणाला बरं नसलं तर काय करता हो?”

मावशींनी कमरेवर हात ठेवला.

“आता काय पाटी लावू का दारावर? मघाशी तुमच्या यजमानांना सगळं सांगितलं की. नर्सबाई मागच्या गल्लीत राहतात, निळं दार. रात्री हाक मारली तर उठतात. माझ्या नातवाला त्यांनीच सांभाळलंय. आणि अगदीच वेळ आली तर त्यांच्या भावाची मोटरबोट आहे. धक्क्यालाच बांधलेली असते.”

“यांनी विचारलं?”

“विचारलं? जाऊन दार बघून आले, बाईंशी बोलून आले. इथून तिथवर चालायला किती वेळ लागतो तेही बघितलं म्हणे. नर्सबाई म्हणाल्या, असा माणूस पहिल्यांदा पाहिला. तुम्हाला बोलले नाहीत?”

“बोलले असतील,” ती म्हणाली. “माझंच लक्ष नसेल.”

चादरीची टोकं जुळवून तिनं ती मावशींच्या हातात दिली आणि परत फिरली. खोलीची खिडकी उघडी होती. आत नवरा कोपरावर रेलून, मान पुढं काढून बसला होता. त्याचं बोट ठकीच्या नाकाखाली होतं, अगदी हलकं, न टेकवता. ती धरायची तसंच. बराच वेळ तो हलला नाही. मग त्याचे खांदे सैल झाले.

ती दारातून आत आली तेव्हा तो छताकडं बघत पडला होता.

“सायकलींची पंक्चरं काढून झाली का?” तिनं विचारलं.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मावशींच्या अंगणाकडं पाहिलं. उठून बसला.

“नर्सबाई भल्या वाटल्या,” तो म्हणाला. “पण मागच्या गल्लीतून जावं लागतं, तिथं दिवा नाही. म्हणून मी म्हणतो, जाऊ या आजच. तू म्हणतेस तेच बरं.”

“आणि इतके दिवस चार रात्री, चार रात्री चाललं होतं ते?”

“मीपण घाबरलोय असं म्हटलं असतं, तर तू उंबरा ओलांडला असतास का?”

ती खाटेच्या कडेला बसली. “घोरतोस तर ढगफुटीसारखा.”

“तुझी गस्त संपेपर्यंत घोरतो.” तो चादरीच्या काठाशी चाळा करत राहिला. “तू झोपलीस की माझी सुरू होते.”

तिनं आपल्या मनगटावरची पट्टी काढली. मग त्याची. ठकीची काढताना ती जागी होऊ नये म्हणून त्यानं तिचं मनगट वर उचलून धरलं. ठकी झोपेत पुटपुटली, “ये ना गं.”

तिन्ही पट्ट्या तिनं त्याच्या मुठीत कोंबल्या. “देऊन ये त्या माणसाला. उगाच बोट ताटकळायला नको.”

“अगं पण... नक्की?”

“दिवा नाही म्हणालास ना, मग टॉर्च विचार मावशींना.”

तो चपला घालून दारात थांबला. “त्यानं विचारलं, किती दिवस, तर काय सांगू?”

“त्याला पट्ट्यांशी मतलब. आणि येताना सायकली खरंच बघून ये, फौजदारांनी सांगितलंय.”

तो हसत गेला. तो येईपर्यंत ती जागीच राहिली, पाठ ताठ, पिशवी मांडीवर. पावलं वाजली तशी तिनं पिशवी खिडकीखालच्या बाकावर ठेवली.

“आता तू बस,” ती म्हणाली. “मला जरा पडू दे.”

ठकीच्या एका बाजूला ती आडवी झाली, दुसऱ्या बाजूला तो टेकून बसला. उन्हं भिंतीवर चढली होती. डोळा लागतो न लागतो तोच धक्क्यावर शेवटच्या बोटीचा भोंगा वाजला, लांबलचक. ठकी दचकली. डोळे न उघडताच आईचा हात ठकीच्या नाकाकडं उचलला गेला, पण दुसरा एक हात त्याआधीच तिथं पोचला होता.

तिनं आपला हात परत उशीखाली घेतला आणि कूस बदलली.