प्लॉट क्रमांक सतराचा दुसरा साक्षीदार

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी रायपूरच्या पंजीयन म्हणजे दस्तनोंदणी कार्यालयातून प्लॉट क्रमांक सतराचा हक्कत्यागाचा दस्त नोंदणी न होता परत आला. कारण एकच होतं. दुसरा साक्षीदार नव्हता.

हक्क सोडणारा अश्विन गजभिये, वय ४६, मस्कतला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात फोरमन. हक्क मिळणार होता तो त्याच्या बहिणीला, वनमालाला. वय ५४, अविवाहित, चौबे कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने एकटी राहते. प्लॉट शहराबाहेर, सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या पुढे, चाळीस बाय पन्नास फूट. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये असताना वडिलांनी तो घेतला आणि तिथे एक पेरूचं झाड लावलं. वडील गेल्यावर सातबाऱ्यासारख्या इथल्या कागदावर, म्हणजे बी-वनवर, दोघा भावंडांची नावं लागली.

वनमालाला तो एकटीच्या नावावर हवा होता, कारण घरमालकाने ३१ मार्चपर्यंत मजला रिकामा करायला सांगितलं आहे. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं आहे. प्लॉटवर एक खोली आणि संडास-बाथरूम बांधायचं तर नकाशा मंजूर व्हायला हवा, आणि दोन नावं असली की दोघांनीही प्रत्येक वेळी हजर राहायला हवं. अश्विन दोन वर्षांतून एकदा येतो. या वेळी त्याचा मुक्काम नागपुरात सासुरवाडीला होता, रायपूरला फक्त एक दिवस. विमान तेरा तारखेचं.

"कागद मी करते," वनमालाने फोनवर सांगितलं होतं. "साक्षीदारबी माह्याकडून. तू फक्त ये."

दोन साक्षीदार. तिने ते हलकं काम समजून अंगावर घेतलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ती वहीचं पान घेऊन बसली तेव्हा त्यावर चार नावं आली. त्यातलं एक डॉक्टरांचं होतं, ते खोडलं. एक घरमालकाचं, तेही खोडलं. उरले भैय्यालाल साहू आणि मीनल. भैय्यालाल नऊ वर्षांपासून दर दुसऱ्या दिवशी पाण्याचा कॅन वर आणून देतो. मीनल सिलतऱ्याच्या कारखान्यात तिच्या शेजारच्या टेबलावर होती. कारखाना बंद पडला त्याला सहा वर्षं झाली. दोघंही हो म्हणाले.

कारखान्यानंतर वनमालाला मिळालेलं काम तिला कोणाला नीट समजावून सांगता आलेलं नाही. रायपूरमधली एक कंपनी परदेशातल्या जुन्या नोंदवह्यांची सूची करून देते. वनमालाकडे स्कॉटलंडचे जमिनीचे दस्त येतात, बहुतेक अठराव्या शतकातले. त्यांना सेझिन म्हणतात. त्या काळी तिथे नुसत्या लेखी कागदाने जमीन दुसऱ्याची होत नसे. देणाऱ्याचा माणूस घेणाऱ्याला घेऊन प्रत्यक्ष त्या जमिनीवर जायचा, वाकून तिथलीच माती आणि दगड उचलायचा आणि घेणाऱ्याच्या हातात ठेवायचा. नदीतल्या मासेमारीचा हक्क असेल तर जाळं आणि होडी. हे साक्षीदारांसमोर व्हायचं. नोटरी बाजूला उभा राहून लिहायचा : दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान, अमुक शेतावर, विणकर अमुक आणि नोकर तमुक यांच्या देखत, मी स्वतः हजर होतो, हे मी पाहिलं, जाणलं आणि ऐकलं.

अक्षर किचकट. पहिल्या वर्षी तिला एका पानाला दीड तास लागायचा. आता पंचवीस मिनिटं लागतात. सूचीत भरायचे रकाने चारच असतात : देणारा, घेणारा, जमीन, तारीख. साक्षीदारांची नावं नोंदवू नयेत, असं कंपनीच्या सूचनापत्रात नवव्या क्रमांकावर लिहिलेलं आहे. वनमाला ती शेवटच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या शेरा या रकान्यात भरते. महिन्यातून दोनदा तरी सुपरवायझर पायल बोरकर फोन करते.

"दीदी, फिर से गवाह डाल दिए आपने."

"तिथं उभे होते ते. पावसात. मुकाट्याने खोडू का?"

"दीदी, क्लायंट को नहीं चाहिए." पायल मराठी घरातली, सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. मग ती स्वतःच तो रकाना पुसते. चार वर्षांत दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नाही. ऑफिस वनमालाच्या घरापासून तीन किलोमीटरवर आहे.

मंगळवारी भैय्यालाल साडेदहालाच कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. अश्विन स्टेशनवरून थेट आला. स्लॉट साडेअकराचा होता. ११ वाजून ५ मिनिटांनी वनमालाने मीनलला फोन लावला.

"अगं आज होतं? देवा! मी भिलाईला आहे गं, नणंदेकडे. मला वाटलं पुढचा मंगळवार. तू आठवण नाही करून दिलीस काल?"

वनमालाने आठवण करून दिली नव्हती. दोनदा विचारलं तर माणूस वैतागतो, असा तिचा समज आहे.

"दुसरं कोनी?" अश्विनने विचारलं.

ती फोनवरची नावं खाली सरकवत गेली. गॅस. मेडिकल. बँक. इलेक्ट्रिशियन, तोही आधीच्या घराचा. मग पायल, ऑफिस.

"हिले लाव ना. जवळच असन."

"तिनं मले पाह्यलंच नाही कधी. कशी म्हणन वळखते म्हणून?"

"ताई, तिले तुह्याशी लग्न थोडी करायचं हाये! एक सही मारायची हाये."

तिने फोन लावला नाही. अश्विन बाहेर गेला आणि सात-आठ मिनिटांनी निळ्या शर्टातल्या एका माणसाला घेऊन आला. त्या माणसाने वनमालाला नमस्कार केला, नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं आणि दोन्ही नावं ओठांतल्या ओठांत घोकली. तेवढ्यात टोकनचा पुकारा झाला.

उपपंजीयक बाईंनी आधी भैय्यालालला विचारलं, "इन दोनों को कब से जानते हैं?"

"दीदी ला नौ बछर होगे, मैडम. भैया ला आजेच देखे हँव." दीदीला नऊ वर्षं झाली, भैयाला आजच पाहतोय, असं.

बाई हसल्या. "चलेगा. अंगूठा यहाँ. और आप?"

"बचपन से, मैडम," निळ्या शर्टातला माणूस म्हणाला.

बाई लिहायला खाली वाकल्या होत्या. वनमाला म्हणाली, "नहीं मैडम. इनको मैंने दस मिनट पहले पहली बार देखा."

तिने हे ठरवून केलेलं नव्हतं. पुढे तिने अश्विनला तीन वेळा तेच सांगितलं. समोर चुकीची नोंद होत होती आणि ती दुरुस्त करायची चार वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

बाईंनी पेन ठेवलं. "अब आपने मेरे सामने बोल दिया. अब मैं कैसे लिखूँ? दूसरा गवाह ले आइए. बारह बजे तक हूँ इस स्लॉट में."

बारापर्यंत कोणी मिळालं नाही. भैय्यालालने आपल्या पुतण्याला फोन करून पाहिला. तो धमतरीच्या रस्त्यावर होता. पुढचा स्लॉट चौदा तारखेचा मिळत होता. अश्विनचं विमान तेराचं.

बाहेर पायरीवर निळ्या शर्टातला माणूस अजून उभा होता. "दीदी," तो म्हणाला, "बचपन तो मेरा भी था ना. किसके बचपन से, ये मैंने कहाँ बोला?"

भैय्यालालला हसू आलं, पण त्याने ते रुमालात दाबलं.

पाऊण वाजला होता आणि अश्विनची नागपूरची गाडी चारची होती. हातात तीन तास होते. प्लॉट तरी बघून येऊ, असं तोच म्हणाला. भैय्यालालही बरोबर आला. रिक्षाला पाऊण तास लागला. सिलतऱ्यानंतर रस्त्याकडेच्या झाडांची पानं काळी दिसायला लागली. कच्चं लोखंड बनवणाऱ्या स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची धूळ. प्लॉटच्या एका कोपऱ्यात कोणीतरी दोन ट्रॉल्या राख टाकून गेलं होतं. पेरूचं झाड उभं होतं. भैय्यालालने एक पान बोटाने पुसलं, तेव्हा खाली हिरवा रंग निघाला.

"सांग मले," अश्विन म्हणाला, "काहून बोलली तू तिथं? तुह्याच घराचं काम होतं. माह्यं नव्हतं."

"खोटं होतं ते."

"सारे जण तेच करतात."

"मी रोज ते नावं वाचून राहिली, अशु. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचे. विणकर, लोहार, कोनाचा तरी नोकर. त्यायचं काहीच काम नाही त्या जमिनीत. तरी येऊन उभे राहतात. आन माह्यासाठी रायपुरात दुसरा मानूस नाही. मंग तिथं भाड्याचा उभा करून कागदावर लिहू का, की हाये म्हणून?"

भैय्यालालला यातलं निम्मंच समजलं असावं. त्याने विचारलं, "का पढ़थस दीदी, दिन भर?" तिने त्याला हिंदीत सांगितलं. माती, दगड, जाळं, होडी. तो लक्ष देऊन ऐकत होता. "बने हे," तो म्हणाला. "हमर डहर घलो माटी ला छू के किरिया खाथें." चांगलं आहे, आपल्याकडेही मातीला हात लावून शपथ घेतात, असं.

अश्विन खाली वाकला. राखेचा थर चपलेने बाजूला केला, खालची माती मूठभर उचलली, तिच्यावर एक खडा ठेवला.

"आण हात."

"मस्करी नको करू."

"मस्करीच करून राहिलो. आण."

तिने ओंजळ पुढे केली. त्याने माती आणि खडा तिच्या हातात टाकला आणि हात पँटला पुसले. "झालं? आता तुह्यं. भैय्यालाल भैया, देखा ना?"

"हव, देखेंव."

"आता दुसरा कुठून आणतं? स्कॉटलंडवरून?"

वनमाला हसली. मग तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, ओंजळ तशीच धरून. दुपारी १ वाजून ५० मिनिटं.

चारच्या गाडीला ती त्याला सोडायला गेली. डब्याच्या दारातून तो म्हणाला, "मुखत्यारपत्र पाठवतो तिथून. बघू." गाडी हलल्यावर त्याने हात केला आणि लगेच फोन कानाला लावला.

बुधवारी सकाळी तिने नेहमीप्रमाणे नऊला संगणक सुरू केला. सतराशे छत्तीसचा एक दस्त होता. एका विधवेला तिच्या हयातीपुरती एक झोपडी आणि मागची परसबाग. साक्षीदार दोन, पैकी एक कोणीतरी 'तिथे त्या वेळी असलेला' एवढंच लिहिलेलं, नाव पुसट. वनमालाला ते नाव उकलायला सव्वा तास लागला. उकललं तेव्हा तिने ते शेऱ्यात भरलं. अकराच्या सुमारास पायलचा फोन आला.

"दीदी, फिर वही. और आज एक पन्ने पर सवा घंटा? तबीयत ठीक है?"

"ठीक आहे. पायल, तू ऑफिसात कुठं बसतेस?"

"खिड़की के पास. क्यों?"

"खिडकीतून काय दिसतं?"

"पार्किंग," पायल म्हणाली. "और एक कदंब. दीदी, कुछ काम था क्या?"

"हो, काम होतं. साक्षीदाराचं. पण ते असं फोनवर सांगण्यासारखं नाही, त्याच्याआधी तू मला बघायला पाहिजेस. घरी येशील? चहाला. एकदा नाही, दोन-चारदा यावं लागेल."

"दो-चार बार?" पायल हसली. "अच्छा. संडे को देखती हूँ."

त्या रविवारी ती आली नाही. भावाकडची माणसं आली होती, असा तिचा निरोप होता. पुढच्या रविवारी आली, चाळीस मिनिटं बसली, चहा घेतला, बाहेर पडताना जिन्यात भैय्यालालला भेटली.

मस्कतहून मुखत्यारपत्र अजून आलेलं नाही. १ डिसेंबरला अश्विनचा निरोप आला : भावना म्हणते, एवढी घाई काय आहे, प्लॉटचा भाव वाढून राहिला, नीट विचार करून करा. भावना त्याची बायको. वनमालाने त्याला मार्चची तारीख पुन्हा कळवली. निरोप त्याने वाचला आहे, असं फोनवर दिसतं. ५ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत उत्तर नव्हतं. खडा तिच्या संगणकाशेजारी आहे. माती तिने एका वाटीत ठेवली आहे.